भाचीनं मला आजारी पाडलं

देवानं बायकांच्या पोटात जेवढी म्हणून गुपितं ठेवली, तेवढी सगळी विचारून काढायचा विडा माझ्या भाचीनं उचललाय, आणि असा विडा उचललेलं दुसरं माणूस उभ्या नगर जिल्ह्यात नाही. असलं तर आणून दाखवा, मी फेटा उतरवून तुमच्या पायाशी ठेवतो. माझा फेटा मी कुणासाठी उतरवत नाही, हे मिरजगावच्या बाजारात कुणालाही विचारा. माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीत मास्तरांचं आणि माझं वाजलं. मास्तर बदली मागून गेले, मी काही परत गेलो नाही. नातू म्हणाला, आबा, मोबाईलवर बोला, तो आपोआप लिहून घेतो. मी म्हटलं, माझ्या भाचीबद्दल मोबाईलनं का लिहावं? तेव्हा हे माझ्या हातचं आहे. अक्षरात चूक निघाली तर माझी समजा. मजकुरात निघणार नाही.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बायकांची डॉक्टरीण. डॉक्टर झाली, त्याच्यापुढचं शिकली, त्याच्याही पुढचं शिकली, तोवर तिच्या बरोबरीच्यांनी नगरला चार-चार मजली दवाखाने बांधले, बाहेर रसवंती आणि नारळपाण्याच्या गाड्या लागल्या. हिच्याकडं एक पोपटी रंगाची स्कूटी, एक बीपीचं मशीन आणि पाठीला एक पिशवी. "दवाखाना कधी काढतेस?" म्हणून विचारलं की म्हणायची, "मामा, दवाखान्यात बायका आजारी पडल्यावर येतात. मला त्याच्या आधी गाठायच्यात." याला संशोधन म्हणतात. माझ्या समजुतीप्रमाणं संशोधन म्हणजे एकच प्रश्न शंभर जणींना विचारायचा, आणि शंभर जणींनी एकच उत्तर दिलं तरी विश्वास ठेवायचा नाही.

लाज हा अवयव तिला देवानं दिलेलाच नाही. आमच्याकडं बाया ज्या गोष्टीला अडचण म्हणतात, कावळा शिवला म्हणतात, नाहीतर नुसती मान वळवतात, तिला ही मोठ्यानं पाळी म्हणते. मिरजगावला एका लग्नात दुसऱ्या पंगतीला मी हिच्या शेजारी बसलो होतो. समोरच्या ओळीत नवरीची एक काकू कपाळाचा घाम पुसत बसलेली. हिनं घास खाली ठेवला आणि एवढ्या मांडवात ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काकू, घामाच्या वाफा येतात का हो? पाळी कधी बंद झाली तुमची?" जिलेबी वाढणारा ताट घेऊन जागच्या जागी उभा राहिला. नवरदेवाच्या मामाला मठ्ठा नाकात गेला. बाप्ये सगळे पत्रावळीत तोंड घालून बसले. मी कोपरानं ढोसलं, "अगं ए, पंगत हाय ही." तर मला म्हणते कशी, "मग? जेवणाचं बोललेलं चालतं, आणि पोटाचं चालत नाही का, मामा?" आता ती काकू रागावली असेल असं तुम्हाला वाटेल. तीच काकू हात धुवायच्या जागी हिला गाठून बोलायला लागली, ती थांबेना. तिच्यामागं आणखी दोघी, त्यांच्यामागं चौघी. वऱ्हाडाचा टेम्पो हॉर्न वाजवून दमला. नवरीला आशीर्वाद द्यायला माणूस उरलं नाही, एवढी गर्दी माझ्या भाचीपाशी. मी लांब उभा राहून विचारणाऱ्याला सांगत होतो, "आमची हाय ती. सख्ख्या बहिणीची."

तिची दुसरी खोड याहून अवघड. कुणी काही विचारलं आणि तिला उत्तर येत नसलं, तर ती सरळ "माहीत नाही" म्हणते. डॉक्टर माणसानं असं म्हणायचं असतं का? आमच्याकडचा सुई टोचणारासुद्धा कधी म्हणत नाही. आमच्या भागात गरोदरपणी काही बायांचं बीपी चढतं. पायावर सूज येते, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि एखादीला झटके येतात. पूर्वी लोक म्हणायचे बाहेरचं लागलं, आणि लिंबू उतरायचे. पोरगी हातची जायची, कधी लेकरू जायचं, कधी दोघंही. गावातल्या एका म्हातारीनं हिला विचारलं, "ह्ये एकीला व्हतं आन् दुसरीला न्हाई, आसं का गं बाई?" ही म्हणाली, "पूर्ण कुणालाच माहीत नाही, आजी. तेच शोधतेय. कुणाचं बीपी पुढं चढणार ते पहिल्या तीन महिन्यांतच ओळखता आलं तर सांभाळता येईल." म्हातारी माझ्याकडं येऊन म्हणाली, "तुमची भाची लई शिकली खरी, पर तिला अजून काय येत न्हाई." मी म्हटलं, "तुला काय येतं?" म्हातारी दोन महिने बोलली नाही माझ्याशी.

परवानगीचं तर विचारूच नका. कुठल्याही पोरीला हात लावायच्या आधी ही तिला समोर बसवणार, काय करणार, कशाला करणार, रक्त किती काढणार ते सगळं सांगणार, आणि शेवटी म्हणणार, "नको म्हणालीस तरी चालेल. तपासणी तरीही मिळेलच, नुसतं संशोधनात नाव नसेल." आमच्या पोरींना जन्मात कुणी असं विचारलेलं नाही. शाळा सोडवू का, लग्न करू का, कुठं देऊ, काहीच कुणी विचारत नाही. वरच्या आळीतली एक सून हे सगळं ऐकून घेऊन गोड हसली आणि म्हणाली, "न्हाई." ही म्हणाली, "बरं, काही हरकत नाही," आणि खरंच उठून आली. ती पोरगी चकित. पुढच्या खेपेला स्वतःच हाक मारून बोलावलं, सगळं पुन्हा सांगायला लावलं, आणि पुन्हा म्हणाली, "न्हाई." मी म्हटलं, ही तुझी चेष्टा करतेय. भाची म्हणाली, "करू दे, मामा. न्हाई म्हणून बघतेय ती. कधी मिळालंय तिला म्हणायला?" त्यानंतरच्या खेपेला ती पोरगी आपणहून हो म्हणाली, आणि वर दोन जावा घेऊन आली.

तारखांचा घोळ मात्र तिला माझ्याशिवाय सुटला नसता, हे मी अभिमानानं सांगतो. तिला प्रत्येकीच्या शेवटच्या पाळीची तारीख लागायची. आमच्या पोरी तारीख कशाला ध्यानात ठेवतील? एक म्हणायची, गव्हाला दुसरं पाणी सोडलं तवा. दुसरी म्हणायची, डीपी जळला आन् लाईट नव्हती त्या हप्त्यात. मग ही स्कूटी वळवून माझ्याकडं. "मामा, डीपी कधी जळला होता?" मी सांगायचो. कारण डीपी जळला तेव्हा वायरमनशी भांडलो होतो मी, आणि माझं भांडण मी विसरत नाही.

पण खरी अडचण पुढंच होती. आमच्याकडची रीत अशी, की पोरीला दिवस गेले तरी तीन महिने भरेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढत नाही. दृष्ट लागते. तिसऱ्या महिन्यात घरातल्याच दोघी-तिघी दार लोटून, आवाज न करता ओटी भरतात. तिला चोरओटी म्हणतात. नंतर पोट दिसायला लागल्यावर गावाला सांगा, हिरवी साडी नेसवा, फोटो काढा, काय करायचं ते करा. म्हणजे भाचीला ज्या तीन महिन्यांतल्या बाया पाहिजे होत्या, नेमके तेच तीन महिने आमच्या गावात कुणी म्हणजे कुणी गरोदर नसतं.

त्यात ती पोपटी स्कूटी. वेशीपासून दिसायची. ती ज्या दारात उभी राहील त्या घरात पाळणा हलणार, हे गावानं ठरवूनच टाकलं. एकदा ती पंक्चर झाली ती पिठाच्या गिरणीच्या दारात. भाचीनं ती तिथंच लावली आणि पायी फिरली. संध्याकाळी गिरणीवालीकडं शेजारणी चिंचा घेऊन हजर. गिरणीवाली म्हणजे केस पांढरे झालेली, दोन नातवंडं अंगाखांद्यावर खेळवणारी बाई. पीठभरल्या हातानं तशीच माझ्या दारात आली. "आबा, तुमच्या भाचीला सांगा, पुन्यांदा गाडी माज्या दारात लावली तर हवा सोडीन! माजा मालक दोन दिस जालं माज्याकडं बगून नुस्ता हासतोय!" हसलो मी पण. पण भाची हसली नाही. कारण त्या दिवसापासून पोरी तिला वाटेतच हात जोडायला लागल्या, "ताई, तुमी दारात नका येऊ." आधी हो म्हणालेल्यासुद्धा.

एक दिवस ती माझ्या ओसरीवर येऊन बसली. हातातला चहा गार झाला तरी तिला भान नाही. म्हणाली, "मामा, इथलं काम बंद करावं लागेल बहुतेक. वरचे म्हणतात, बायका मिळत नसतील तर दुसरा तालुका बघा."

माझं डोकं फिरलं. "दुसरा तालुका? का? आमच्या बायांचं बीपी काय हलकं हाय?"

"मी दारात गेले की गावाला कळतं, मामा. त्यांचं काय चुकलं? त्यांना नको असतं कुणाला कळायला."

"माज्या दारात तर तुझी गाडी कायम असती. मला कोन चिंचा आनून देतं?"

"इथं त्या कशाला येतील?"

"समाचाराला."

आता ही गोष्ट शहरातल्यांना समजणार नाही म्हणून सांगतो. गावात कुणी वडीलधारं माणूस आजारी पडलं की घरोघरच्या बायांनी वाटीभर काहीतरी झाकून घेऊन समाचाराला जायचंच असतं. कुठं चाललीस म्हणून कुणी विचारत नाही. न गेलं तर सासूच हाकलते. आणि समाचाराला आलेल्या बाया ओसरीवर पुरुषांत बसत नाहीत, सरळ मधल्या घरात जातात.

भाचीनं माझ्याकडं बघितलं. "पण आजारी कोण आहे?"

"मी."

"मामा, मी कुणाला खोटं सांगणार नाही."

"तुला कोन सांग म्हंतंय? तू यायचं, मला मशीन लावायचं, आत जायचं. बाकीचं मी बगतो."

"आणि बायकांना मी सगळं खरं सांगणार. कशाला बोलावलंय ते."

"सांग की. त्यांच्याकडनं फुटत न्हाई."

बायकांना कुठली गोष्ट गुप्त ठेवता येत नाही असं म्हणणाऱ्या बाप्यांनी पुढचं वर्ष माझ्या ओसरीवर काढायला पाहिजे होतं. गावातल्या एकाही गड्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

मी ओसरीवरच्या खाटेवर पडलो. ज्या माणसानं उभ्या जन्मात सुई टोचून घेतली नाही, सत्तरी ओलांडल्यावरही जो विहिरीत उतरून मोटारीच्या पाइपाचा फुटबॉल, म्हणजे तळाची झडप, साफ करत होता, तो मी अंगावर गोधडी घेऊन दिवसाउजेडी पडलो. भाचीनं मशीन लावलं. दंडावर फुगा फुगला, उतरला. तिनं परत लावलं. मग म्हणाली, "मामा, तुमचं बीपी खरंच वर आहे."

"तुझं मशीन बिघडलंय."

"नवं आहे."

"नवं हाय म्हनूनच बिघडलंय."

गोळ्यांची पट्टी उशाशी ठेवून गेली. मी ती कौलात खोचून टाकली. नाटकातल्या राजाला कुणी खरा मुकुट दिला म्हणून तो काय राज्य करायला बसतो?

आणि बाया यायला लागल्या. मऊ भात, मुगाचं वरण, लापशी, शेवयांची खीर. ठेचा-भाकरीवर वाढलेलं माझं तोंड लहान बाळासारखं झालं. वाटी ठेवायची, "आबा, बरं वाटतंय का?" विचारायचं आणि आत जायचं. आतून कुजबुज यायची, हसण्याचा आवाज यायचा, मशीनची पिप् यायची. एखादीची सासू सोबत आली की आतून दबका आवाज, "आबा, कन्हा की जरा!" मी कण्हायचो. जनावर आजारी पडल्यावर कसं करतं ते मला माहीत होतं, तसंच करायचो. एकदा इतकं मन लावून कण्हलो, की एका सासूनं तुळशीपत्र आणायला माणूस पाठवला.

पहिल्या तीन महिन्यांत यायच्या त्या पुढं पाचव्यात यायच्या, सातव्यात यायच्या, त्यांच्यामागं नव्या यायच्या. म्हणजे मला बरं व्हायला फुरसतच नाही. माझा जुना जोडीदार आहे, लहानपणी एका तालमीत घुमलेला. तो रोज येऊन पायाशी बसायचा, सुस्कारे टाकायचा. शेवटी वैतागून म्हणाला, "लेका, मरत बी न्हाईस आन् बरा बी व्हईनास. एक काय ती ठरीव!" यात्रा आली. यात्रेच्या हगाम्यात कुस्त्यांचा पंच मीच, हे इतकी वर्षं कुणी विचारायचंसुद्धा काम नव्हतं. त्या साली शिट्टी या जोडीदाराच्या गळ्यात गेली. मी खाटेवर. हलगी कडाडत होती, आणि त्यानं एका कुस्तीत चीतपटाचा निकाल इतक्या उशिरा दिला, की लोकांच्या ओरडण्यावरून मला पडल्या जागी कळलं. मी गोधडी फेकून उठलो. तेवढ्यात भाची आतून आली, आणि तिच्यामागं गिरणीवालीची सून, डोईवर पदर, दबकत. यात्रेच्या गर्दीत कुणाचं लक्ष नसतं म्हणून तीच वेळ साधून आली होती. मी परत पडलो. गोधडी तोंडावर घेतली. कुस्तीगीर माणसानं याहून मोठी कुस्ती सोडलेली मला दाखवा.

आता जे सांगायचंय ते हे. या घरात मी, आणि माझी नातसून. मुलगा-सून मळ्यात जनावरांपाशी, आणि नातू नगरजवळ नागापूरला कंपनीत, तिथंच खोली करून, सुट्टीला येतो. नातसुनेचं दोन वेळा पोटातलं गेलं होतं. दोन्ही वेळा हौसेनं लवकर सांगितलं होतं, माहेरी फोन, नागापूरला पेढे. आणि दोन्ही वेळा तोंडावरचं हसू पुसायच्या आत गेलं. तेव्हापासून पोरगी मिटली. गावातल्या साऱ्या बाया हिच्या घरात तपासून जायच्या, ही सगळ्यांना चहा करायची, कप विसळायची, आणि मधल्या घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही.

धडधाकट माणूस घरात असतो तेव्हा त्याला घर दिसत नाही. खाटेवर पडल्यावर दिसतं. मला दिसायला लागलं, की चहा उकळला की ही तोंड फिरवते. कळशी अर्धीच भरून आणते. भाकरी थापताना मध्येच भिंतीला टेकते. मी म्हातारा असलो तरी दोन मुलांचा बाप आहे. मला कळलं. पण आजेसासऱ्यानं नातसुनेला हे विचारायचं नसतं.

भाची आली तशी तिला ओसरीच्या कडेला घेतलं. "आत सगळ्या तपासल्यास. घरातली एक राहिलीया."

"माहीत आहे मला, मामा."

"कवापासनं?"

"बऱ्याच दिवसांपासनं. मी एकदा सांगितलंय तिला, दार उघडं आहे, संशोधन राहू दे, नुसतं तपासू. ती म्हणाली, माझं काही नाही."

"मंग हाताला धरून न्हे की आत!"

"नाही."

"माज्या घरात माजी नातसून हाय ती!"

"म्हणूनच नाही," ती म्हणाली. "तिला वाटतंय बोललं की जातं. ओढून नेलं आणि उद्या खरंच काही झालं, तर ती परत कुणालाच कधी सांगणार नाही. तिनं आपल्या पायानं यायला पाहिजे."

हट्टाच्या बाबतीत माझ्यासमोर टिकलेलं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. आमच्याच रक्ताचं, म्हणून टिकलं.

पुढचे काही दिवस माझ्या जिवाला चैन नाही. आणि मग एका दुपारी भाचीनं मशीन लावलं. दोनदा लावलं, तीनदा लावलं. नातसून चहा घेऊन आलेली, ती तिचं तोंड बघून थांबली. "काय जालं, ताई?" भाची म्हणाली, "फार वर गेलंय. मामा गोळीच घेत नाहीत. असंच राहिलं तर एखाद्या दिवशी अर्धं अंग जाईल." नातसून फिरली, मोरीच्या कट्ट्यावर चढून कौलातनं पट्टी काढली. तिला जागा माहीत होती! तांब्याभांडं घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"आबा, गोळी घ्या."

मी तोंड मिटलं.

"आबा, घ्या म्हंते मी. तुमी नसलं तर मी कुनाच्या जिवावर ऱ्हाऊ हितं?"

मी मान वर केली. तिच्याकडं बघितलं नाही, मधल्या घराच्या दाराकडं बघितलं. म्हणालो, "तू आत जा. मग घेतो."

भाची जागची हलली नाही. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब गेला तरी आम्ही तिघं तसेच. मग तिनं भांडं माझ्या हातात दिलं, पदर सारखा केला आणि उंबरा ओलांडून आत गेली. भाची तिच्यामागं. दार लोटलं गेलं. मी गोळी घेतली. कडू होती.

तिसरा महिना सरत आला होता. भाचीनं तिथंच, वाटीभर तांदूळ आणि गूळ घेऊन, तिची चोरओटी भरली म्हणे. डॉक्टर आहे आणि दृष्टबिष्ट मानत नाही. पण भरली. मी विचारलं, "तुझ्या संशोधनात बसतं का हे?" तर म्हणाली, "नाही बसत. गप्प बसा."

पुढं सातवा सरला आणि पोरीचं बीपी चढायला लागलं. पायात जोडवी रुतली. गरगरत नव्हतं, डोकं दुखत नव्हतं, बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मशीनला कळलं, आणि ते आधीपासून नजर ठेवून होतं म्हणून कळलं. भाचीनं त्याच दुपारी जीप बोलावली. मी गोधडी टाकून, फेटा बांधून पुढं बसलो. अख्खं गाव बघत राहिलं, वर्षभर मरायला टेकलेला म्हातारा टुणकन् उडी मारून जीपमध्ये बसला म्हणून. नगरला मोठ्या दवाखान्यात ठेवली. औषधं, सुया, रोज रक्त. भाची तिथल्या डॉक्टरांच्या मध्ये येत नव्हती, पण हलतही नव्हती. दिवस भरायच्या आधीच पोट उघडून लेकरू काढावं लागलं. मुलगी. माझ्या ओंजळीत मावली असती, पण ओंजळीत देईनात, काचेच्या पेटीत ठेवली. आई सुखरूप. नातू नागापूरहून कंपनीच्या कपड्यांतच पळत आला आणि भिंतीला धरून रडला.

काचेपुढं मी आणि भाची उभे होतो. मी म्हटलं, "पोरी, तू जिंकलीस."

ती म्हणाली, "एका बाळावरून काही ठरत नाही, मामा. आधी कळलं म्हणून वाचली, की तशीही वाचली असती, हे इतक्यात नाही सांगता येणार."

"तुला न्हाई येनार," मी म्हटलं. "मला येतं."

ती हसली, आणि डोळे पुसले. डोळ्यात काही गेलं असेल असं मी समजलो.

गावात परतल्यावर जोडीदारानं विचारलं, "आता खरं सांग, तुला जालं काय हुतं वरीसभर?" मी म्हटलं, "बायकांचा आजार." तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. अजूनही अधूनमधून बघतो.

आमच्या गावातलं काम संपलं. रक्ताच्या बाटल्या पुण्याला गेल्या, तिथं त्याचं काय काय चाललंय म्हणे, अजून वर्षं लागतील. भाचीला नेवाशाकडं नव्या गावात पाठवलं. तिथं पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा न बोलणाऱ्या पोरी. बारशाला आली ती उशिरा, धुळीनं माखलेली. पाळण्यातल्या पोरीला उचलून कानाशी नेलं, तिचा श्वास ऐकत राहिली, बायका गाणं म्हणायच्या थांबल्या तरी ऐकत राहिली. नातसून म्हणाली, "ताई, जेवून जावा." तर म्हणाली, "नेवाशाला एकीनं बोलावलंय. आपणहून बोलावलंय," आणि निघाली. घुगऱ्यांचा पुडा तेवढा पिशवीत कोंबला.

मी वेशीपर्यंत गेलो. स्कूटी हायवेला लागली, ट्रकांमध्ये शिरली, लहान लहान होत गेली. माझ्या ओसरीवर आता कुणी वाटी झाकून येत नाही. मधलं घर दुपारी शांत असतं. बाया रस्त्यानं जाताना, "आबा, बरं हाय ना?" विचारतात आणि पुढं जातात. बरंच आहे. वेशीवर मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. दूध घालून येणाऱ्या एकानं विचारलं, "आबा, कुनाची वाट बगताय?"

"कुनाची न्हाई," मी म्हटलं. "पाय मोकळं करतोय."

तो गेला. मी आणखी थोडा वेळ पाय मोकळे केले.